मोठ्या मायच्या ओव्या आणि मुका माइक

मोठ्या मायला जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी पाठ. दिवाळीत औशाकडं गावी गेलो, की रेकॉर्ड करायच्या असं ठरवून लातूरहून जुना लॅपटॉप घेतला, कॉलर माइक घेतला. दुकानदारानं विंडोज नवीन टाकून दिलं होतं. स्पीकर वाजत होता, हेडफोन वाजत होता. माइक लावला तर मात्र लॅपटॉपला त्याचा पत्ताच नाही. आतल्या माइकवर रेकॉर्ड केलं तर ओवीपेक्षा पंख्याचा आवाज मोठा.

"आरं, माझा आवाज त्यात जायलाच नाही का?" मोठी माय विचारायली.

पहिली चूक माझीच. एका व्हिडिओत ऐकलं की 'कोडेक नसेल', म्हणून कोडेक पॅक उतरवून टाकला. काही फरक नाही. पडणारही नव्हता, कारण कोडेक नावाच्या वस्तू दोन आहेत. एक सॉफ्टवेअरची : एमपी३, एएसी, ओपस, म्हणजे आवाज दाबून साठवायच्या आणि परत उलगडायच्या रीती. दुसरी म्हणजे मदरबोर्डवरची बोटाच्या नखाएवढी चिप. माइकमधून आलेल्या विजेच्या लहरींचे आकडे करणं आणि आकड्यांच्या पुन्हा लहरी करून स्पीकरला देणं, हे तिचं काम. इंटेलनं २००४ मध्ये आणलेल्या एचडी ऑडिओ पद्धतीत हीच चिप कोडेक म्हणवते. माझं दुखणं तिच्या बाजूला होतं.

दुसरी चूक सांगायला लाज वाटते. ड्रायव्हर म्हणजे एखादा भाग कसा चालवायचा ते विंडोजला सांगणारा प्रोग्रॅम. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' असलं काहीतरी टाकलं आणि दोन तास जाहिराती काढत बसलो.

मग शांतपणे डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे लॅपटॉपमधल्या सगळ्या भागांची विंडोजमधली यादी, उघडला. साउंडच्या यादीत नाव होतं नुसतं 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस'. हा विंडोजचा सर्वांसाठीचा साधा ड्रायव्हर. प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी असं आत गेल्यावर लांबलचक ओळ दिसली. तीच खरी कुंडली. 'व्हेन'पुढं, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीच्या जागी, १०ईसी, म्हणजे चिप रिअलटेकची. 'डेव्ह'पुढं, म्हणजे मॉडेलच्या जागी, ०२५५, म्हणजे एएलसी२५५. यादीत इंटेलचा दुसराही आयडी होता, पण तो एचडीएमआयमधून टीव्हीला जाणाऱ्या आवाजाचा. त्यात गुंतायचं कारण नव्हतं.

चिप कळली, आता त्या नावाचा ड्रायव्हर टाकला की झालं, असं वाटलं. पण त्या ओळीत पुढं 'सबसिस' होतं, म्हणजे चिप कुठल्या कंपनीच्या कुठल्या लॅपटॉपात बसवलीय त्याचा आकडा, आणि गोम तिथंच. चिप तीच असली तरी तिच्या कुठल्या पिनला स्पीकर, कुठल्या पिनला जॅक जोडायचा हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. त्यात माझा जॅक कॉम्बो : हेडफोन आणि माइक एकाच भोकात. माइकच्या वायरीच्या पिनेवर तीन काळे पट्टे, म्हणजे चार जोडण्या. त्यातली माइकची कोणती, हे ओळखायला चिपला खास सूचना द्याव्या लागतात. साध्या ड्रायव्हरकडं त्या नसतात.

तरी जॅकच खराब असेल तर? पेनड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम, चालू करून पाहिलं. माइक लगेच बोलला! जॅक ठणठणीत होता.

मग लॅपटॉपच्या बुडाशी चिकटवलेला सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून नेमका त्याच मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर घेतला. आधी रिस्टोअर पॉइंट केला, म्हणजे काही बिघडलं तर मागं जाता यावं. नेट बंद केलं, नाहीतर विंडोज मधेच आपलाच ड्रायव्हर आणून बसवतं. जुना काढताना त्याच्या फायली पुसायच्या खुणेवर टिक केली, नवा टाकला, रीस्टार्ट. पिन खुपसली तर खिडकी उघडली : काय जोडलंत? हेडसेट निवडलं. माइकचा आवाज दाखवणारी हिरवी पट्टी हलायला लागली.

रेकॉर्डिंग ठेवलं ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, एक चॅनेल, आणि आवाज न दाबता साठवणारी वेव्ह फाइल. मिनिटाला पावणेसहा एमबी होते. नातेवाइकांना पाठवायला नंतर एमपी३ केली, मूळ तशीच ठेवली.

पहिली ओवी ऐकवली. मोठी माय कान देऊन ऐकायली, मग म्हणाली, "आवाज माझाच हाय. पण जातं कुठं गेलं?"

खरंच, घरघर गायब होती. नव्या ड्रायव्हरनं नॉइज सप्रेशन आपोआप चालू केलं होतं आणि जात्याला गोंगाट समजून गाळून टाकलं होतं. ते बंद केलं आणि मोठ्या मायला पुन्हा जात्यावर बसवलं.