आमची वाटचाल: गेट-ग्रिलपासून खुराड्यांपर्यंत

नमस्कार मंडळी. बरेच जण विचारतात की तुम्ही मूळचे गेट-ग्रिलवाले, खुराड्यांच्या धंद्यात कसे काय शिरलात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

वर्कशॉप दापोली तालुक्यात, 2009 पासून. एक वेल्डिंग मशीन, एक कटर, मी आणि माझा मावसभाऊ. खिडक्यांची ग्रिलं, पत्र्याच्या शेडी आणि मे महिना आला की चाकरमान्यांच्या घरांची गेटं, एवढंच काम. कोंबड्या घरात होत्याच, पण त्या आजीच्या. तिन्हीसांजेला सगळ्या हाकून डालग्याखाली घालायची आणि वर दगडी पाटा ठेवायची, तो पाटा हीच आमची सिक्युरिटी.

मग 2020 आलं. लॉकडाऊनमध्ये मुंबईची मंडळी गावाला येऊन अडकली, बसून करायचं काय म्हणून ज्याने त्याने कोंबड्या घेतल्या, कुणी गावठी, कुणी गिरिराज, एक-दोघांनी तर हौसेने कडकनाथ. आणि 3 जूनला निसर्ग वादळ. आमच्याकडची छपरं, माडं, पोफळी काय काय झालं ते इथल्या माणसाला सांगायला नको. लाईट कितीतरी दिवस नव्हती, आम्ही जनरेटरवर वेल्डिंग करत होतो, पत्र्यांची कामं संपता संपेनात. त्यातच हर्णैकडच्या एक काकू म्हणाल्या, "गोठा पडला रे, कोंबड्या पडवीत झोपतायत, उरलेल्या पाईपांचं एक खुराडं करून दे." केलं. वरून ती षटकोनी कोंबडी जाळी मारली, नावच कोंबडी जाळी म्हटल्यावर दुसरा विचार कशाला करायचा. 2200 रुपये घेतले.

आठवडाही झाला नाही आणि फोन. "भाऊ, तुमचं खुराडं छान आहे हो, पण आत कोंबडीच नाही."

जाऊन बघितलं तर खालच्या कोपऱ्यात जाळी चिंध्यांसारखी फाडलेली, अंगणात सात कोंबड्या मरून पडलेल्या, खाल्लेली एकही नाही. तेव्हा कळलं नव्हतं, आता बघताक्षणी सांगेन, कुत्रे. पर्यटक बंद, किनाऱ्यावरची हॉटेलं बंद, तिथली उपाशी कुत्री गावात शिरलेली, निदान माझा तरी अंदाज तोच. आणि ती बारीक तारेची जाळी कोंबडीला आत ठेवते हो, बाहेरच्याला बाहेर ठेवायची तिची ताकदच नाही.

काकूंना दुसरं खुराडं फुकट करून दिलं आणि यावेळी जिद्दीने असं केलं की मुंगीपण जाणार नाही, तीन बाजूंनी पत्रा, वर पत्रा, पुढे जाळीचा जेमतेम वीतभर पट्टा. पावसात आणि थंडीत झकास चाललं. पुढच्या एप्रिलात, दुपारी कोंबड्या आत कोंडलेल्या असताना चार मेल्या, चोची उघड्या, पंख पसरलेले. कुठलं जनावर आलं नव्हतं, मीच पत्र्याचा तंदूर करून दिला होता. हे लिहिताना अजून लाज वाटते. पहिल्या खुराड्याचे पैसेही परत केले आणि दोन महिने खुराड्याचं काम घेतलंच नाही.

त्यानंतर जिथे कुठे कोंबडी गेल्याचं कळेल तिथे मी बाईक काढून बघायला जायला लागलो. हिला वाटायचं याचं डोकं फिरलंय. पण त्यातून जे शिकलो ते कुठल्या कॅटलॉगात नव्हतं. अख्खी कोंबडी गायब आणि पिसांची एक रेघ झाडीकडे गेलेली असेल तर बहुतेक बाऊल, म्हणजे रानमांजर. रात्री छपरावरून आलं असेल तर कांडेचोर, म्हणजे उदमांजर. भरदिवसा मानेपाशी चावलेली सापडली तर मुंगूस. पिल्लं उघड्यावरून एकेक कमी होत असतील तर घार, नाहीतर कावळे, हो कावळे, त्यांना कमी समजू नका. कोंबडी जागेवर मेलेली, अंगावर जखम दिसत नाही, तर आत हात घालायच्या आधी बॅटरी मारून बघा, नाग असू शकतो. आणि साप नुसता अंड्यांना येत नाही, तो उंदरांना येतो आणि उंदीर येतात तुमच्या सांडलेल्या कण्यांना, म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की खाद्य पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि रात्रीचं भांडं उचला. लोकांना वाटतं खुराडं विकणारा खाद्याचं का बोलतोय.

एका घरी तर दोन इंची जाळीच्या आत दोन कोंबड्या बिनडोक्याच्या बसलेल्या होत्या. जाळी शाबूत, कडी शाबूत. झोपायचा दांडा जाळीला टेकून लावलेला, कोंबड्या झोपेत जाळीला चिकटल्या आणि बाहेरून कुणीतरी डोकं ओढून नेलं. तेव्हापासून आमचा दांडा सगळ्या बाजूंनी फूटभर आत.

आता जे बनवतो त्यात खालचे दोन फूट अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना वेल्ड केलेली चौकोनी जाळी, वर तीच एक इंची, दोन समोरासमोरच्या बाजू मोकळ्या म्हणजे वारा आरपार, आणि छप्पर चांगलं बाहेर काढलेलं, आमच्याकडचा पाऊस आडवा येतो. जाळी पाईपला वेल्ड करत नाही. पहिल्या वर्षी करायचो, वेल्डच्या टाक्यापाशी जाळीवरचा जस्ताचा थर जळून जायचा आणि एका पावसाळ्यात तिथेच गंजून जाळी सुटायची. आता वर पट्टी ठेवून वॉशर घालून स्क्रू. वेळ जास्त जातो, मावसभाऊ रोज कुरकुरतो. उकरून येणाऱ्यांसाठी जाळी खोल पुरायची गरज नाही, आमच्या जांभ्यात फूटभर खणायचं म्हणजे पहार मोडायची, त्यापेक्षा भिंतीच्या बुडापासून बाहेर दीड फूट आडवी अंथरा आणि वर चिरे टाका. जनावर भिंतीला लागूनच उकरतं, खाली जाळी लागली की सोडून देतं, मागे सरकून लांबून सुरुवात करायचं त्याला सुचत नाही.

पण सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते दाराने. 2022 मध्ये दिलेल्या एका खुराड्यात मुंगूस शिरलं, मालक म्हणे जाळीच खराब. मी आडवा पडून बघितलं तर दार स्वतःच्या वजनाने लोंबलं होतं आणि खाली दोन बोटं फट. मुंगसाचं डोकं गेलं की अंग गेलंच समजा. आता तीन बिजागऱ्या, खाली उंबऱ्याची पट्टी आणि दोन कड्या, वर एक खाली एक, कारण एकाच कडीच्या दाराचा खालचा कोपरा ढकलला की उघडतो.

बिबट्याचं विचारतात. खरं सांगतो, आमचं खुराडं बिबट्याच्या हिशेबाने केलेलं नाही आणि कुणी तसं सांगून जास्त पैसे मागत असेल तर त्याला आधी दोन प्रश्न विचारा. खुराडं घराला लागून ठेवा, अंगणात दिवा ठेवा, रात्री कुत्रा आत घ्या. दिसला तर वनखात्याचा 1926 नंबर आहे. फासकी, विष, तारेत करंट असले धंदे करणाऱ्यांना मी माल देत नाही, 1972 च्या कायद्याने गुन्हा आहेच आणि गेल्या काही वर्षांत तारेच्या करंटने माणसंही मेल्याचं ऐकतो.

सहा बाय चारचं खुराडं, वीसेक कोंबड्यांचं, सध्या साडेचौदा हजाराला पडतं. महाग आहे, मान्य. पंधरा-वीस रुपयांच्या गावठी अंड्यावर ते वसूल व्हायला वेळ लागतो, आणि मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, आली तर जाळी काही करू शकत नाही, लस वेळेवर टोचा. मंडणगड-खेडपर्यंत माल जातो, शिमग्याच्या आधी गर्दी असते म्हणून ऑर्डर जरा लवकर द्या.

आमच्या घरी वर्कशॉपमधलं सगळ्यात भारी खुराडं आहे, डेमो पीस, दोन कड्या, तीन बिजागऱ्या, सगळं. तलंगा मुकाट आत जातात. कोंबडा मात्र रोज संध्याकाळी फणसावर जाऊन बसतो आणि आई खालून त्याला शिव्या घालते.