डॉकवरचे दोन मॉनिटर आणि ६३ स्लॉटचा हिशोब

डॉकवर दोन मॉनिटर लावले की एक काळाच राहायचा. त्याचं कारण सापडलं, म्हणून आधी तेच लिहितो.

मांडणी अशी: आठव्या पिढीचा इंटेल लॅपटॉप, त्यावर डेबियन लिनक्स आणि खिडक्या-पडदे सांभाळणारं स्वे. बाहेर एक २७ इंची १४४०पी आणि उभा लावलेला २४ इंची १०८०पी, दोन्ही एकाच यूएसबी-सी डॉकवर, म्हणजे एका केबलवरून अनेक पोर्ट देणाऱ्या डबीवर. आधी जोडलेला मॉनिटर व्यवस्थित चालतो. दुसरा यादीत दिसतो, पण उजळत नाही. जोडायचा क्रम उलटा केला की काळा पडणारा पडदाही बदलतो. ही खूण सोडू नका. केबल किंवा मॉनिटर नादुरुस्त असता तर दरवेळी तोच पडदा काळा राहिला असता. इथे पंगतीला उशिरा आलेल्याला ताट उरत नाहीये.

यूएसबी-सीत वेगवान लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, चारच असतात. माझा डॉक त्यातल्या दोन यूएसबी ३ साठी राखून ठेवतो, डिस्प्लेपोर्टला, म्हणजे चित्राच्या सिग्नलला, राहतात दोन. डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये एका लेनचा वेग सेकंदाला ५.४ गिगाबिट, एन्कोडिंगचा भाग वजा केला की दोन लेन मिळून ८.६४ हाती येतात. एमएसटी, म्हणजे एकाच डिस्प्लेपोर्ट जोडणीवरून अनेक मॉनिटर चालवायची पद्धत, ही क्षमता ६४ स्लॉटमध्ये, म्हणजे समान वाट्यांत, वाटतं, त्यातला एक हेडरला जातो. चित्रासाठी ६३.

आता मागणी बघा. १४४०पी, ६० हर्ट्झ म्हणजे २४१.५ मेगाहर्ट्झ पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवायचा वेग), त्याला ४४ स्लॉट लागतात. १०८०पीला १४८.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे २७ स्लॉट. बेरीज ७१! कर्नलचा डीआरएम (ग्राफिक्स सांभाळणारा भाग) डीबग लॉग चालू केल्यावर तिथेही जागा पुरत नसल्याचीच तक्रार दिसली. ड्रायव्हर चोख काम करतोय, आणि हे कागदावर जुळलेलं बघून फार बरं वाटलं. चारही लेन मिळाल्या असत्या तर २२ अधिक १४, म्हणजे ३६ स्लॉटमध्ये भागलं असतं.

उपाय सोपा निघाला: १०८०पी थेट लॅपटॉपच्या एचडीएमआयवर, १४४०पी एकटा डॉकवर. लॅपटॉपचा पडदा धरून तीन झाले, आणि या पिढीचं इंटेल ग्राफिक्स एका वेळी तीनच पडदे चालवतं.

दुसरी कटकट स्लीपनंतरची. एमएसटीचे कनेक्टर (मॉनिटरच्या जोडणीची नावं) कर्नल जोडणीगणिक नव्याने तयार करतं, त्यामुळे डीपी-३ चा कधी डीपी-५ होतो आणि नावावर बेतलेली स्क्रिप्ट कोलमडते. कान्शी, म्हणजे जोडलेले मॉनिटर ओळखून मांडणी लावणारा प्रोग्रॅम, त्याच्या प्रोफाइलमध्ये कनेक्टरऐवजी कंपनी, मॉडेल आणि सीरियल नंबर लिहिला. तेव्हापासून जागा हलत नाहीत. हे तिन्ही स्वेच्या आउटपुट यादीत मिळतात.

मॉनिटरची जागा लिहिताना स्केल, म्हणजे मजकूर किती पट मोठा दिसतो ते, धरा. १४४०पीला १.२५ स्केल दिला की रुंदी २५६० ची २०४८ होते, म्हणून शेजारचा मॉनिटर २०४८ पासून सुरू करायचा. २५६० लिहिलंत तर मध्ये फट राहते आणि माउस पलीकडे जात नाही, कारण स्वेमध्ये कर्सर फक्त एकमेकांना चिकटलेल्या आउटपुटमध्येच फिरतो.

आता डिस्प्लेपोर्ट १.४ वर हेच करून बघायचं आहे. तिथे लेनला ८.१ गिगाबिट, म्हणजे दोन लेनवरही २९ अधिक १८, एकूण ४७ स्लॉट. बसायला हवं. अकराव्या पिढीचा लॅपटॉप आणि १.४ चा डॉक कुणाकडे असेल तर डीबग लॉगमधला स्लॉटचा भाग जरूर पाठवा.