मानेनं दमवलं (मातीत माणसाचं डोकं घडवायला शिकताना, माझा अनुभव)

चेहऱ्याला फार त्रास झाला नाही. प्लास्टरची कवटी समोर ठेवली की डोळ्यांची खोबणी, गालाचं हाड, जबडा सगळं हळूहळू हाताला कळतं. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात हे एकदा कॅलिपर (अंतर मोजायचा चिमटा) लावून बघितलं की मग विसरायला होत नाही.

अडलं ते मानेवर, आणि तो राग अजून आहे. पैसे भरून जो ऑनलाइन कोर्स घेतला त्यात ओठांना कितीतरी आठवडे आणि मान एका लेक्चरमध्ये उरकली. चार्ट बघावेत तर सगळे समोरून, डोकं ताठ. माणूस असा बसतो तरी कधी? बरं, आम्ही फोंड्याकडचे, लहानपणापासून गणपती करायच्या चित्रशाळेत चिकणमातीत हात घातलेले, पण गणपतीची मान सोंडेआड जाते, त्यामुळे तिथेही हे कुणाला विचारणार.

माझं डोकं जरा वळलेलं होतं. चेहरा जिवंत, पण खाली बघितलं की नळावर घागर ठेवल्यासारखं. माती चढवायची, काढायची, ओलं फडकं टाकून प्लास्टिकने झाकायचं आणि सकाळी उघडलं की परत तेच. अगदी वैताग आला होता.

सुटलं ते देवळातल्या भजनात. शेजारचे काका वरच्या पट्टीत गात होते, त्यांनी चेहरा डावीकडे वळवला आणि उजव्या कानामागून जाड स्नायू तिरका खाली गळ्याच्या खळग्यापर्यंत उठून आला. वळतो डावीकडे, उठतो उजवीकडचा! हाच तो स्टर्नोमॅस्टॉइड. मान म्हणजे उभी नळी नाहीच, तिच्यावर दोन्ही बाजूंनी हे पट्टे मागून पुढे तिरके येतात. कोर्समध्ये नाव होतं, ही गोष्ट नव्हती.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "काका, थोडा वेळ बसाल काय?"

"बसतो मरे, पण पान खाऊ देशील ना?"

पानाचा तर फायदाच झाला. चावताना जबड्याच्या कोपऱ्यावरचा स्नायू फुगतो, कानशिलं हलतात, गिळताना कंठमणी वर जाऊन खाली येतो. स्टर्नोमॅस्टॉइडचे खाली दोन फाटे होतात तेही नीट दिसले. एक बारीक गोल, छातीच्या हाडाला धरलेला, दुसरा पसरट, कॉलरबोनच्या आतल्या भागावर, आणि मध्ये छोटा त्रिकोणी खळगा. तो खळगा अंगठ्याने दाबला आणि मान एकदम बसली, इतकं बरं वाटलं की त्या दिवशी पुढे कामच केलं नाही.

हो, हे आधी सांगायला हवं होतं, आर्मेचरचा, म्हणजे मातीच्या आतल्या आधाराच्या सांगाड्याचा, मानेचा पाइप सुरुवातीलाच पुढे झुकवून घ्या. मान मागून पुढे कलते आणि तिचा तळही तिरका, मागचा सातवा मणका वर, पुढचा गळ्याचा खळगा त्याच्या बराच खाली. माती चढल्यावर पाइप वाकवता येत नाही. आणि मॉडेल नसेल तर आरशासमोर मान वळवून स्वतःचीच चाचपा, कानामागचं हाड लगेच बोटाला लागतं.

पणजीला गेलात तर जुन्या सचिवालयाजवळचा आबे फारियाचा, म्हणजे संमोहन करणाऱ्या गोव्याच्या पाद्रीचा, पुतळा बघा, मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी 1945 मध्ये केलेला. समोरून फोटो काढून निघू नका, त्याच्यासमोर कोसळणाऱ्या बाईच्या मानेसाठी बाजूने, मागून, पूर्ण चक्कर मारा.