वाळू, मुरूम आणि काळी

शेजारच्या प्लॉटवर बांधकाम निघालंय. जानेवारीत गड्डा, म्हणजे आमची सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, उठला आणि पुढच्याच आठवड्यात जेसीबी दारात. मी तर वैतागलेच होते, धूळ, आवाज, गॅलरीतले कपडे परत धुवायचे आणि त्यात आमच्याकडे पाणी चार दिवसाआड. पण पोरगं खूश. साडेपाच वर्षांचं आहे, शाळेतून आलं की दप्तर फेकून थेट वाळूच्या ढिगावर.

त्याच्यासाठी मी दिवाळीत ऑनलाइन एक सेन्सरी किट मागवलं होतं, अठराशे रुपयांचं (सासूबाईंना आठशे सांगितलेत, तुम्हीपण तेच सांगा). रंगीत वाळू, मासा, चांदणी, किल्ला असे साचे. तीन दिवस मासे पाडले आणि मग ते कपाटावर गेलं. त्याची काय चूक, माशाच्या साच्यातून मासाच येणार ना, बाराव्या माशानंतर पुढं करायचं काय?

ढिगावर मात्र तो रोज वेगळंच काहीतरी करतो. आमच्या ह्यांच्या ओळखीच्या कारखान्यातून सुताचे रिकामे कागदी कोन आणले होते, टॉवेलचं सूत ज्याच्यावर गुंडाळून येतं ते. पोत्यानं मिळतात. तर हे कोन पहिल्या दिवशी भोंगा होते, मग एकावर एक रचून सिद्धेश्वराचा नंदीध्वज, मग कोणीतरी त्यातून वाळू ओतली आणि नाद लागला तो लागलाच. कोरडी वाळू सर्रकन खाली येते, ओली अडकून बसते, मग काडीनं ढोसायचं, मग किती ओली चालते ते बघायचं. मी मधेच गेले आणि शहाणपणा केला, "बघ, ह्याला शंकू म्हणतात हं, म्हण बरं शंकू." म्हणाला शंकू. आणि कोन टाकून सायकलवर बसला! त्या दिवसापासून मी चहा घेऊन कट्ट्यावर बसते आणि तोंड बंद ठेवते, जे मला अजिबात जमत नाही.

असल्या सुट्या वस्तूंबद्दल सायमन निकोल्सन नावाच्या एका ब्रिटिश कलाकारानं १९७१ मध्ये लेख लिहिला होता, लूज पार्ट्स म्हणतात ते त्याचंच. म्हणणं असं की जागेत हलवता, जोडता, मोडता येणाऱ्या गोष्टी जितक्या जास्त तितकं पोरांचं डोकं जास्त चालतं. आपल्याकडं तर ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीत बालवाडी काढली तेव्हापासून बिया, खडे, शिंपले हेच साहित्य, कारण महागडी साधनं परवडणार कोणाला. आमच्या गल्लीत शिंपले कुठून येणार, पण चिंचोके आहेत, सीताफळाच्या बिया, कडब्याची ताटं, आणि पलीकडच्या अक्का विड्या वळतात त्यांच्याकडची तेंदूच्या पानाची कात्रणं. ती आमच्याकडं नोटा म्हणून चालतात. कात्रणं तंबाखूचा हात लागायच्या आधीचीच घेते, तेवढं बघावं लागतं. आणि एक, गुंजा आणि एरंडाच्या बिया कितीही छान दिसल्या तरी देऊ नका, विषारी असतात. तीन वर्षांखालचं लेकरू सोबत असेल तर चिंचोकेपण नकोत, घशात अडकतात.

पाण्याचा खेळ फक्त पाणी येतं त्या दिवशी, एक बादली, संपली की संपली. सुरुवातीला रडारड झाली, आता तो मगानं मोजून वापरतो आणि शेवटचं गढूळ पाणी लिंबाच्या झाडाला. एप्रिलपासून खेळ सकाळी सात ते साडेआठ नाहीतर सहानंतर. त्रेचाळीस डिग्रीत ती वाळू म्हणजे तवाच, हात भाजतो.

आता मेन गोष्ट. मार्चमध्ये त्यानं आणि वरच्या मजल्यावरच्या ताईनं तीन लाडू वळले, एक वाळूचा, एक मुरमाचा, एक खड्ड्यातून निघालेल्या काळ्या मातीचा, आणि कंपाउंडवर उन्हात ठेवले. दुसऱ्या दिवशी वाळूचा ढासळलेला. मुरमाचा थोडा भुगा झालेला पण होता जागेवर. काळीचा दगडासारखा कडक, लहान झालेला आणि आरपार भेग. हा काळीचा परत ओला केला तर तो फुगला, चिकट झाला, वाळवला तर परत भेगा. चार वेळा केलं बघा त्यांनी, मी मोजलंय.

मग तो गवंडीमामांना विचारायला गेला की तुम्ही काळी काढून मुरूम का टाकता. मामा म्हणाले, "काळी पाणी पिली की फुगती, उन्हाळ्यात आकसती. तिच्यावर घर बांधलं की भिंत तडकती बघ बाळा."

रात्री जेवताना हा गप्प. हॉलच्या भिंतीला खिडकीपासून छतापर्यंत तडा आहे, दोनदा पुट्टी भरून रंग मारला तरी दर उन्हाळ्यात परत वर येतो. त्याच्याकडं बघत बघत भाकरी खाल्ली आणि म्हणाला, "पप्पा, आपल्या घराखाली मुरूम टाकला नव्हता का?"

हे माझ्याकडं बघायला लागले. घर माझ्या सासऱ्यांनी बांधलंय, आणि ते शेजारीच बसून ताक पीत होते.