भूतानला रुजू होण्यापूर्वीचे चार महिने

भूतानमधील शिक्षकपदाची मुलाखत ऑनलाइन होती आणि भौतिकशास्त्राचे प्रश्न झाल्यावर ती संपली, असे मी गृहीत धरले होते. तेवढ्यात समितीतील एका अधिकाऱ्यांनी विचारले, की भूतानच्या वीस जिल्ह्यांपैकी, त्यांच्या भाषेत झोंगखागांपैकी, पाचांची नावे तुम्हाला सांगता येतील का. मी थिंफू आणि पारो सांगितले, थोड्या वेळाने पुनाखा आठवले आणि त्यापुढे मला एकही नाव सांगता आले नाही. देशाविषयी आणखी काय ठाऊक आहे, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी 'सकल राष्ट्रीय आनंद' या संकल्पनेचा उल्लेख केला. ते सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, तेवढे सगळेच सांगतात." ही २०२३ च्या ऑक्टोबरमधील गोष्ट. माझी निवड झाली आणि पूर्वेकडील त्राशिगांग झोंगखागातील एका उच्च माध्यमिक शाळेत कंत्राटी नेमणूक मिळाली. भूतानमध्ये शालेय वर्ष फेब्रुवारीत सुरू होते, त्यामुळे माझ्या हाती साधारण चार महिने होते. ज्या देशातील मुलांना आपण दोन वर्षे शिकवणार आहोत, त्या देशात आज काय चालले आहे हे आपल्याला माहीत नाही, याची मला मनापासून लाज वाटली होती आणि म्हणून ते चार महिने मी नेमाने वाचनाला दिले.

सुरुवात भारतीय वर्तमानपत्रांपासून केली. २०१७ मध्ये डोकलाम येथे ७३ दिवस भारत आणि चीनचे सैन्य समोरासमोर उभे होते, त्याविषयी भरपूर साहित्य मिळाले. त्याच ऑक्टोबरमध्ये भूतानचे परराष्ट्रमंत्री सीमाविषयक चर्चेच्या पंचविसाव्या फेरीसाठी बीजिंगला गेले होते आणि नोव्हेंबरच्या आरंभी राजे जिग्मे खेसर नामग्येल वांगचुक भारतभेटीवर आले, त्यामुळे नव्या बातम्यांचीही कमतरता नव्हती. परंतु तीन आठवडे वाचल्यानंतर माझ्या ध्यानात आले, की मी भूतानची बातमी म्हणून जे वाचत आहे ती बहुतांशी भारताच्या सीमेची बातमी आहे. तेथील माणसे त्या दिवशी कशाची चिंता करीत होती, कशावर वाद घालत होती, याचा त्यात मागमूस नव्हता. नकाशावर पाहिले तर डोकलाम देशाच्या पश्चिम टोकाला आणि माझी शाळा पूर्व टोकाला. आमच्याच झोंगखागातील साकतेंग अभयारण्यावर चीनने २०२० मध्ये एका आंतरराष्ट्रीय पर्यावरण निधीच्या बैठकीत हक्क सांगितला होता, हे मला नकाशा उघडल्यानंतरच शोधावेसे वाटले.

मग 'कुएन्सेल' वाचू लागले. भूतानचे हे वर्तमानपत्र १९६७ मध्ये सरकारी बातमीपत्र म्हणून सुरू झाले, १९८६ मध्ये साप्ताहिक झाले आणि पुढे दैनिक झाले. इंग्रजी आवृत्ती असल्यामुळे भाषेची अडचण येणार नाही, असे वाटले होते, पण पहिले पंधरा दिवस एकही बातमी न अडखळता वाचता आली नाही. झोंगखागाखाली गेवोग असतात, त्यांची संख्या २०५, गेवोगाचा निवडून आलेला प्रमुख तो गुप, मंत्र्यांना ल्योन्पो म्हणतात, मठसंस्थेला द्रात्शांग म्हणतात. हे शब्द तेथील वाचकाला समजावून सांगण्याची गरज नसते आणि माझ्यासारख्या वाचकाची त्या वर्तमानपत्राने अपेक्षाही केलेली नसते. मी एक वही घातली आणि तिच्यात शब्दांसाठी काही पाने राखून ठेवली. वहीतील बाकीची पाने विषयवार होती: निवडणूक, वीज, रस्ते, शाळा, शिक्षक. यातील 'शिक्षक' हे पान मी केवळ व्यवसायामुळे घातले होते. ते सर्वांत लवकर भरेल, याची मला कल्पना नव्हती.

निवडणुकीच्या बाबतीत वेळ फार चांगली साधली गेली. भूतानमध्ये राष्ट्रीय सभेची, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची, मुदत संपली, की सत्तारूढ सरकार पायउतार होते आणि मुख्य न्यायाधीशांच्या नेतृत्वाखाली हंगामी सरकार येते. राज्यघटनेप्रमाणे ते फार तर ९० दिवस चालते. मी वाचायला लागले तेव्हा नेमके असे हंगामी सरकार होते. मतदान दोन फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत सर्व पक्ष उतरतात, सर्वाधिक मते मिळवणारे दोनच पक्ष दुसऱ्या फेरीत जातात आणि राष्ट्रीय सभेच्या ४७ जागा त्यांच्यातच वाटल्या जातात. ३० नोव्हेंबरला पहिली फेरी झाली, तेव्हा पाच पक्षांपैकी पंतप्रधान लोते शेरिंग यांचा, म्हणजे आतापर्यंत सत्तेवर असलेला पक्षच बाद झाला. मला याचे मोठे आश्चर्य वाटले. पण मागील निकाल काढून पाहिल्यावर दिसले, की २००८ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून एकाही सत्तारूढ पक्षाला मतदारांनी लागोपाठ दुसऱ्यांदा सत्ता दिलेली नाही. ९ जानेवारी २०२४ च्या दुसऱ्या फेरीत पीपल्स डेमोक्रॅटिक पार्टीला ३० आणि भूतान तेंद्रेल पार्टीला १७ जागा मिळाल्या आणि शेरिंग तोबगे दुसऱ्यांदा पंतप्रधान झाले. भिक्षू आणि अन्य धार्मिक व्यक्तींना तेथे मतदानाचा हक्क नाही, कारण धर्म राजकारणापासून वर राहावा अशी घटनेची भूमिका आहे. उमेदवाराला पदवी आवश्यक असते. माणूस कोठेही नोकरीला असला, तरी त्याचे मत ज्या गेवोगात त्याची नोंद आहे तेथेच असते. ही शेवटची तरतूद मला सर्वांत बोलकी वाटली, कारण राजधानीत निम्मे आयुष्य घालवलेला माणूसही निवडणुकीपुरता तरी आपल्या डोंगरावरच्या गावाचाच राहतो.

याच उत्साहाच्या भरात माझ्याकडून एक चूक झाली. नेमणुकीच्या शाळेतील मुख्याध्यापकांनी माझी तेथील एका संगणक शिक्षकांशी ओळख करून दिली होती आणि आमचा अधूनमधून पत्रव्यवहार चालू होता. पहिल्या फेरीचा निकाल लागल्यावर मी त्यांना सहज विचारले, की सर, तुमचा कल कोणत्या पक्षाकडे आहे. दोन दिवस उत्तर आले नाही. नंतर त्यांनी अतिशय नम्रपणे लिहिले, की सरकारी नोकराने राजकारणापासून अलिप्त राहावे असा आमच्याकडे नियम आहे, आम्ही मत देतो, पण पक्षाविषयी बोलत नाही आणि शाळेत तर मुळीच नाही, तेव्हा मॅडमनीही शिक्षक-कक्षात हा विषय काढू नये. घटनेची कलमे मी वाचली होती, शिक्षक हा तेथे सरकारी नोकर आहे हेही ठाऊक होते, परंतु या दोन गोष्टी एकत्र जोडून पाहण्याचे मला सुचले नव्हते. रुजू होण्यापूर्वीच हे कळले याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

आता त्या 'शिक्षक' नावाच्या पानाविषयी. 'कुएन्सेल'मध्ये दर आठवड्याला कोठे ना कोठे शिक्षकांच्या राजीनाम्यांची बातमी असे. अमुक शाळेत गणिताला शिक्षक नाही, तमुक ठिकाणी एकाच शिक्षकाकडे तीन वर्ग आहेत, निरोप समारंभ वर्षाच्या मध्यावरच होत आहेत. जाणारे बहुतेक ऑस्ट्रेलियाला जात होते, पती किंवा पत्नी विद्यार्थी म्हणून आणि दुसरा जोडीदार नोकरीसाठी सोबत, आणि पर्थ या एका शहराचे नाव पुन्हा पुन्हा येत होते. २०१९ च्या वेतनसुधारणेत शिक्षक आणि वैद्यकीय कर्मचारी यांना इतर सरकारी नोकरांपेक्षा अधिक वेतन देण्यात आले होते, तरीही लोक जात होते. कारण समजायला मला वेळ लागला. भूतानमध्ये आधुनिक शिक्षण साठच्या दशकापासून मुख्यतः इंग्रजीतून दिले जाते, त्यामुळे तेथील शिक्षक परदेशात कोठेही उभा राहू शकतो. दुसऱ्या बाजूला तेथील चलन न्गुलत्रुम हे भारतीय रुपयाशी एकास एक बांधलेले आहे आणि ऑस्ट्रेलियन डॉलरमधील कमाई त्या हिशेबात फार मोठी ठरते. देशाने आपल्या मुलांना जे सर्वांत चांगले दिले, त्याच शिदोरीवर ती मुले बाहेर पडत होती. डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी मी त्या पानावरील नोंदी पुन्हा वाचत असताना माझ्या लक्षात आले, की मी ज्या जागेवर जात आहे ती जागाही याच बातमीचा भाग आहे. माझ्या नेमणूकपत्रात 'रिक्त पद' असा शब्द होता आणि तोवर ते पद रिक्त का झाले, हे मी कोणाला विचारलेही नव्हते. त्यानंतर मी बातम्या वाचत होते त्या निराळ्या लक्षाने, कारण आता त्या माझ्याविषयीही होत्या.

डिसेंबरचा महिना घडामोडींचा होता. १३ तारखेला भूतान अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला. १७ तारखेला, राष्ट्रीय दिनी, राजांनी आसामच्या सीमेलगत गेलेफू येथे एक हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्रावर विशेष प्रशासकीय क्षेत्र उभारण्याची घोषणा केली. भारतीय वर्तमानपत्रांत ती गुंतवणुकीची बातमी म्हणून आली. मला मात्र, तोपर्यंतच्या वाचनामुळे, त्यात तरुणांना देशात थांबण्यासाठी कारण देण्याची धडपड प्रथम दिसली.

एका वर्तमानपत्रावर विसंबणे योग्य नाही, हेही दरम्यान जाणवले. 'कुएन्सेल'मध्ये सरकारचा मोठा वाटा आहे, खासगी वर्तमानपत्रे २००६ पासून आली आणि तीही सरकारी जाहिरातींवर बरीच अवलंबून असतात. रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेच्या सूचीत भूतान २०२२ मध्ये ३३ व्या स्थानी होता आणि २०२३ मध्ये तो ९० व्या स्थानी गेला. म्हणून मी 'द भूतानीज' हे साप्ताहिकही वाचू लागले आणि देशाबाहेर गेलेल्या भूतानी लोकांचे लेखन मिळेल तसे मिळवले. त्यातूनच ल्होत्साम्पा समाजाचा, म्हणजे दक्षिणेकडील नेपाळीभाषक भूतानी लोकांचा प्रश्न माझ्यापुढे आला. १९८५ चा नागरिकत्व कायदा, १९८८ ची जनगणना, राष्ट्रीय पोशाख आणि आचारसंहिता यांची सक्ती, शाळांतून नेपाळीचे शिक्षण बंद होणे आणि १९९० ची आंदोलने, यानंतर एक लाखाहून अधिक लोक पूर्व नेपाळमधील छावण्यांत पोहोचले. २००७ पासून त्यांतील बहुतेकांचे अमेरिका आणि अन्य देशांत पुनर्वसन झाले. ज्या देशाविषयी मनात आदर वाढत होता, त्याच्याविषयी हे वाचणे जड गेले. मी ते टाळले नाही आणि त्यामुळे आदर सोडूनही दिला नाही. शाळेत हा विषय आपण होऊन काढायचा नाही, एखाद्या सहकाऱ्याने किंवा विद्यार्थ्याने आपल्या घरची गोष्ट म्हणून सांगितली तर लक्षपूर्वक ऐकायची आणि मत देण्याची घाई करायची नाही, एवढे मी स्वतःशी ठरवले. पाहुण्या शिक्षकाला शोभेल असे वर्तन याहून निराळे असू शकेल असे मला वाटत नाही.

रस्त्यांच्या बातम्यांनी अगदी व्यावहारिक मदत केली. फुंत्शोलिंगवरून थिंफूला जाऊन पुढे त्राशिगांगला जावे, असा माझा बेत होता. परंतु पूर्व-पश्चिम महामार्गावरील थ्रुमशिंग ला ही खिंड सुमारे ३,७८० मीटर उंच आहे आणि हिवाळ्यात बर्फामुळे तेथे वाहतूक खोळंबते, हे वाचल्यावर मी गुवाहाटीमार्गे, आसामच्या सीमेवरील साम्द्रुप जोंगखारच्या प्रवेशद्वाराने जाण्याचे ठरवले. तसेच, मी झोंगखा या भूतानच्या राष्ट्रभाषेचे जुजबी धडे घेत होते, तेव्हा त्याच संगणक शिक्षकांनी कळवले, की पूर्वेकडील मुले घरी त्शांगला बोलतात. मग दोन्ही भाषांतील अभिवादनाचे शब्द शिकले, आणि बोलण्याच्या शेवटी आदराने 'ला' जोडण्याची सवय लावून घेतली.

फेब्रुवारीत रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात अकरावीच्या वर्गात जलविद्युतनिर्मितीचा विषय निघाला, तेव्हा मी मांगदेछू प्रकल्पाची ७२० मेगावॉट क्षमता फळ्यावर लिहिली आणि असे असूनही हिवाळ्यात देशाला भारताकडून वीज का घ्यावी लागते, असे विचारले. मागच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, "हिवाळ्यात नदीला पाणी कमी असते, मॅडम ला, आणि आपल्याकडे पाणी साठवणारी मोठी धरणे नाहीत." त्या एका उत्तरावर आम्ही दोन तासिका प्रवाह आणि उंची यांची गणिते केली.

प्रयोगशाळेच्या नोंदवहीत माझ्या आधीच्या शिक्षकांचे अक्षर होते, नीटनेटके आणि तिरके, शेवटची नोंद नोव्हेंबरमधील. ते पर्थला गेल्याचे मुलांनी सांगितले. मुख्याध्यापकांकडून पत्ता घेऊन मी त्यांना ईमेल केला आणि उपकरणांविषयी विचारले. आठवड्याने त्यांचे सविस्तर उत्तर आले. कोणता गॅल्व्हानोमीटर चुकीचे वाचन देतो, कोणत्या कपाटाची किल्ली कोठे असते, भिंगांचा संच कोणत्या मुलांनी स्वतः घासून स्वच्छ केला होता, हे सारे त्यांनी लिहिले होते. शेवटी त्यांनी विचारले होते, की अकरावीत यंदा किती मुले आहेत. मी त्याच रात्री कळवले, एकतीस, आणि एकेकाचे नाव लिहून पाठवले.