जुन्या महामार्गाचे खांब, वर चालायचा पूल

अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरातला महामार्ग दुसरीकडून वळवला, जुना पूल पाडला, पण नदीतले खांब ठेवले. त्यांवरच २०१९ मध्ये सुमारे ४५० फुटांचा पादचारी पूल खुला झाला. चौपदरीकरणात सीना नदीवरचा किंवा एखाद्या ओढ्यावरचा जुना पूल बाजूला पडला, की सोलापुरातही हाच विचार डोक्यात येतो.

पहिली शंका वजनाची असते, आणि ती फोल आहे. ८.४ मीटर रुंद काँक्रीटच्या पुलाची सरासरी जाडी अर्धा मीटर धरली, तर मीटरमागे साडेदहा टन नुसतं त्याचं स्वतःचं वजन. वरून ट्रकची रांग वेगळीच. ३ मीटर रुंदीचा लोखंडी पादचारी पूल गड्डा यात्रेच्या गर्दीला पुरावा म्हणून चौरस मीटरला ५०० किलो धरले, तरी माणसांचा भार मीटरमागे दीडच टन.

खरी भानगड या हलकेपणातच आहे. दगडी खांबाला ताण सोसत नाही. वरचं ओझं त्याला दाबून धरतं म्हणून तो पुरात उभा राहतो. ओझं काढलं, पण पुराचा रेटा तोच. रेट्याचं सूत्र ५२ × के × वेगाचा वर्ग. के म्हणजे खांबाच्या आकारानुसार बदलणारा गुणक. पृष्ठभागाजवळच्या वेगाचा वर्ग सरासरीच्या वर्गाच्या दुप्पट धरतात. म्हणजे सरासरी सेकंदाला ३ मीटर वेग असेल, तर गोल नाकाच्या खांबावर (के ०.६६) चौरस मीटरला सुमारे ६१८ किलो, चौकोनी खांबावर (के १.५) १४०० च्या वर. त्यामुळे आधी पायाशी खड्डा करून पाया कातळात किती गेलाय ते बघा. मुरमावर टेकलेला असेल तर तिथेच थांबा.

खांब काँक्रीटचा असेल तर किमान ३ कोअर, म्हणजे यंत्राने कापलेले काँक्रीटचे गोल नमुने, काढा. सरासरी ताकद ठरलेल्या ग्रेडच्या ८५ टक्के हवी, एकही कोअर ७५ च्या खाली नको. नुसता ताकद मोजायचा चाचणी-हातोडा मारून आलेल्या आकड्यावर विसंबू नका, वरचा थर जुना होऊन कडक होतो आणि आकडा फुगतो. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन हे रसायन शिंपडा. गुलाबी झालं तर ठीक. रंग न येणारा थर सळईपर्यंत पोचला असेल, तर सळईचं संरक्षण संपलं.

खांब आणि पूल यांच्यामधले सरकते टेकू, म्हणजे बेअरिंग, जुनीच वापरायचा मोह टाळा. दोन खांबांमधला ४० मीटरचा लोखंडी गाळा ५० अंशांच्या फरकाने २४ मिलिमीटर सरकतो, आणि सोलापूरच्या मे महिन्यात तापलेल्या लोखंडाला तेवढा फरक सहज पडतो. हलकं लोखंड पावलांनीही डुलतं. लंडनचा मिलेनियम पूल याच कारणाने २००० मध्ये उघडल्यावर दोन दिवसांत बंद करावा लागला होता.

शेवटी खांबाचा माथा. पूल ३ मीटरचा, माथा ८ मीटरचा, म्हणजे पाच मीटर उघडे. तिथे पाणी साचतं, माती बसते आणि सांध्यात पिंपळ उगवतो. नुसता वरून छाटला तर पुढच्या पावसाळ्यात दुप्पट जोमाने येतो. मूळ उकरून काढा, सांधा भरा, माथ्याला दोन्हीकडे उतार द्या.