नळदुर्ग : काळ्या पाषाणाच्या पोटात

सोलापुरातून हैदराबाद रस्त्याने निघालं की तासाभरात नळदुर्ग येतं. इतकी वर्षं एसटीच्या खिडकीतून ही तटबंदी पाहत आलो; उतरलो ते यंदाच्या भाद्रपदात, मामांना घेऊन. मामांचा जन्म गवंडीकामात गेला.

बोरी नदीने इथे काळा पाषाण कापत खोल वळण घेतलंय. त्या वळणात घुसलेल्या पठाराच्या सोंडेवर किल्ला बसलाय. तीन बाजूंना तुटलेले कडे. चौथ्या बाजूला कडा नाही, म्हणून तिथे अखंड खडकात खंदक खोदलाय. त्यातून निघालेला दगड वायाही गेला नसणार, असं मामा म्हणाले, आणि मला ते पटलं.

तटाचा एक चिरा त्यांनी दाखवला. "हात लाव." मुगाएवढी भोकं, काहींत पांढरी खडीसाखर भरल्यासारखी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरांवर थर चढून दख्खनचं पठार झालं. निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे झिरपत्या पाण्याने त्या पोकळ्यांत खनिजं साठली. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणूनच हा जात्याला चालत नाही. जात्याला भरीव दगड लागतो." आजीचं जातं घरी अजून आहे. त्याचा दगड मी कधी नीट पाहिलाच नव्हता.

खरा जीव गुंतला तो पाणीमहालात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, मीर इमादीनने बोरीवर हा बंधारा बांधला आणि त्याच्या भिंतीच्या आतच महाल काढला. बंधाऱ्याने किल्ल्याला पाणी दिलं आणि पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्लाही जोडला. पायऱ्या उतरून आत गेलो. डोक्यावरून नदी चाललेली, सज्जासमोर पाण्याचा पांढरा पडदा, कान बधिर करणारा आवाज. आणि पायाखालची फरशी कोरडी! नर आणि मादी, दोन्ही धबधबे भरून पडत होते. मादीकडे तुषारांत इंद्रधनुष्य उमटलं, ढग आला, मिटलं. आम्ही पुन्हा ऊन पडेपर्यंत थांबलो.

लाव्ह्याचाच कडा, लाव्ह्याचाच तट, बंधाराही त्याच दगडाचा. डोंगर कुठे संपतो आणि बांधकाम कुठे सुरू होतं, ते मला काही ठिकाणी सांगता आलं नसतं. मामांना येत होतं. प्रत्येक ठिकाणी ते वाकून सांधा शोधायचे.

निघताना त्यांनी महालाच्या भिंतीतला चुना नखाने खरवडून पाहिला. सुटला नाही. मग खिशातला रुमाल काढून तेवढी जागा पुसली आणि पायऱ्या चढू लागले.